काचेच्या बशीतील हळद

प्रयोगशाळेत पेशी वाढविणे हा माझा व्यवसाय होता असे सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात विज्ञानाचे जे भव्य चित्र उभे राहते, त्याच्याशी त्या कामाच्या नित्य स्वरूपाचा संबंध फारच थोडा असतो. मुंबईत परळच्या परिसरात, गिरण्यांची धुराडी अद्याप उभी होती परंतु त्यांतील बहुतेक थंडावत चालली होती अशा काळात, मी एका संशोधनसंस्थेत वैज्ञानिक साहाय्यक म्हणून रुजू झालो. आणि कर्करोगाच्या पेशी आधी काचेच्या व पुढे प्लॅस्टिकच्या भांड्यांतून जिवंत ठेवाव्या, त्यांस वेळच्या वेळी ताजे पोषकद्रव द्यावे, दाटी झाली की त्यांची वाटणी करावी, आणि ज्यांस त्यांवर प्रयोग करावयाचे असतील त्यांच्या स्वाधीन त्या सुस्थितीत कराव्या, हाच निवृत्तीपर्यंत माझ्या दिवसाचा क्रम राहिला. गणेशचतुर्थी, रेल्वेचा खोळंबा, हिंदमात्याला तुंबलेले पाणी यांपैकी कशाचीही दखल पेशी घेत नाहीत. ३७ अंश उष्णता, शेकडा ५ कार्बन डायऑक्साइड, वासराच्या रक्तापासून काढलेला महागडा रक्तरस आणि निर्जंतुक हात, एवढे मिळाले तर त्या वाढतात; यांत यत्किंचित न्यून आले तर रातोरात मरतात किंवा, त्याहून वाईट म्हणजे, बुरशीला आसरा देतात.

माझ्या ताब्यातील वंशांत सर्वांत जुना वंश हेला हा होता. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखावरील गाठीतून या पेशी काढल्या गेल्या. ती बाई त्याच वर्षी वारली, तिच्या पेशी जगभर पोहोचल्या, आणि तिच्या घरच्यांस मात्र त्याची वार्ता वीस वर्षांहून अधिक काळ कोणी दिली नाही. नव्या मुलांस काम शिकविताना ही हकीकत मी आधी सांगत असे आणि पिपेट मागाहून हाती देत असे.

परळच्या या भागास कर्करोगाच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले, १९५२ साली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि त्या केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी आपल्या लोकांच्या चालीरीती व त्यांस होणारे कर्करोग यांचा संबंध शोधण्याचा मार्ग घालून दिला. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातील कर्करोग, कमरेस घट्ट नेसलेल्या धोतराच्या काचाने कातडीवर वर्षानुवर्षांनी उद्भवणारा कर्करोग, हे त्यांच्या अभ्यासाचे विषय होते. हळदीकडे पुढच्या पिढीचे लक्ष गेले ते माझ्या मते याच मार्गाने गेले. कारण कोणत्या रूढी अपाय करतात याचा तपास सुरू झाल्यावर एखादी रूढी रक्षणही करीत असेल की काय, हा प्रश्न आपसूक पुढे येतो. डॉ. सुमती भिडे आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या आहारात हळद मिसळून, कर्करोगजनक रसायन दिलेल्या त्या उंदरांच्या जठरातील गाठी घटतात असे दाखविले. केरळात त्रिशूर येथील अमला कर्करोग संशोधन केंद्रातून १९८५ साली निबंध प्रसिद्ध झाला, त्यात हळदीच्या अर्काने आणि त्यातील करक्युमिन या रंगद्रव्याने कर्कपेशी मरतात असे नमूद होते. तो निबंध आमच्याकडे हातोहात फिरला. त्याच निबंधात, कर्कपेशी मारणाऱ्या मात्रेला निरोगी लसिकापेशीही मरतात असे लिहिले होते, परंतु त्या वाक्यावर फारसे कोणी रेंगाळले नाही.

यथावकाश आमच्या विभागातही करक्युमिनचे काम निघाले, आणि पहिली अडचण आली ती पेशींकडून नव्हे, जमाखर्च शाखेकडून. शुद्ध करक्युमिनच्या परदेशी कुपीसाठी मी पाठविलेले मागणीपत्र अव्वल कारकुनांनी परत धाडले. त्यावर शेरा होता की, सदर पदार्थ हळदीत असून हळद स्थानिक बाजारात विपुल व अल्प दरात उपलब्ध असल्याकारणाने परकीय चलनाच्या खर्चाची निकड स्पष्ट करावी. आमच्या शास्त्रज्ञ मंडळींस याचे हसू आले. मला तो शेरा मूर्खपणाचा वाटला नाही व आजही वाटत नाही, कारण त्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न आणि पुढे वर्तमानपत्रे वाचून रुग्णांचे नातेवाईक विचारू लागले तो प्रश्न, मुळात एकच होता. मी उत्तर लिहिले की, वाळलेल्या हळदीत करक्युमिन व त्याची भावंडे मिळून साधारणतः शेकडा २ ते ५ एवढीच असतात. उरलेल्या भागात पिष्टद्रव्य, तंतू, सुगंधी तेल असे नाना पदार्थ असतात. शिवाय सुट्या हळदपुडीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांची भेसळ होत असल्याचा दाखला आरोग्यखात्यांच्या तपासण्यांत वारंवार सापडतो, आणि शिसे घातलेल्या पिवळ्या रंगाने पेशी मेल्या तर त्याचे श्रेय हळदीला देण्याची आपत्ती ओढवेल. मंजुरी मिळाली. कुपी आल्यावर तिच्यावरील चिठ्ठीवरून कळले की तीही सर्वस्वी एकजिनसी नाही. बाजारात करक्युमिन म्हणून जे मिळते त्यात मुख्य द्रव्य शेकडा ७५ ते ८० असून बाकीची दोन निकटची संयुगे असतात. हे मी जमाखर्च शाखेस कळविले नाही.

हे रंगद्रव्य फोगेल आणि पेल्तिये या रसायनज्ञांनी १८१५ साली प्रथम वेगळे केले, आणि त्याची रचना उकलण्यास १९१० साल उजाडावे लागले. एवढा काळ लागला यात मला नवल वाटत नाही, कारण असा हट्टी पदार्थ मी दुसरा हाताळलेला नाही. पाण्यात तो विरघळत नाही. मद्यार्कात किंवा डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळतो, तेव्हा त्या द्रावकाचाच पेशींस अपाय होत नाही ना हे पाहण्यासाठी केवळ द्रावक घातलेली एक वेगळी बशी प्रत्येक प्रयोगात ठेवावी लागते. उजेड त्यास सोसत नाही. म्हणून सर्व काम मंद दिव्यात आणि चांदीच्या कागदात गुंडाळलेल्या नळ्यांतून. आणि डाग! आमचे पांढरे कोट, टेबलाचा पृष्ठभाग, उपकरणांच्या मुठी, हजेरीपुस्तकाची पाने, सर्वत्र त्याची पिवळी छाप उमटली. संस्थेचे कपडे धुणाऱ्या परिटाने एकदा आमच्या विभागात कोणाचे लग्न आहे काय अशी पृच्छा केली होती.

याहून खोल अडचण वेगळी होती, आणि ती ज्या ज्ञानातून समजली पाहिजे ते ज्ञान आपल्या प्रत्येक घरात होते. हळदीवर चुना किंवा खार पडला की ती लाल होते हे कोणत्या गृहिणीला ठाऊक नाही? रसायनशास्त्र त्याचा अर्थ असा सांगते की अल्कधर्मी द्रवात करक्युमिनचा रेणू बदलतो. आणि तो नुसता रंग बदलून थांबत नाही, मोडू लागतो. पेशींचे पोषकद्रव अल्कधर्माकडे अगदी किंचित झुकलेले असते, सामू सुमारे ७.४. तेवढा झुकावही या रेणूस जाचतो. रक्तरस नसलेल्या तशा द्रवात, शरीराच्या उष्णतेला, अर्ध्या तासात शेकडा ९० करक्युमिन नाहीसे होते असे १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. द्रवात रक्तरस असेल तर त्यातील प्रथिने त्यास जपतात, तरीही आठ तासांत निम्मे जाते. मागे व्हॅनिलिन, फेरुलिक आम्ल असे तुकडे उरतात. मग संध्याकाळी करक्युमिन घालून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपण ज्या मेलेल्या पेशी मोजतो, त्या कोणी मारल्या? त्या वेळी बशीत मूळ पदार्थ जवळजवळ नसतोच. निबंधांच्या शीर्षकांत मात्र करक्युमिनचेच नाव असते.

तथापि पेशी मरत, हे निर्विवाद होते, आणि ते पाहणे हा माझ्या नोकरीतील मोठ्या कुतूहलाचा भाग होता. निरोगी अवस्थेत तळाला चिकटून, पाय पसरून, एकमेकींना खेटून बसलेल्या पेशी १० मायक्रोमोलर मात्रेला थोड्या बिचकल्यासारख्या दिसत. २० ला त्यांचे पाय आखडत. ५० च्या आसपास त्या गोल होऊन, पृष्ठभागावर बुडबुडे येऊन, तळ सोडून तरंगू लागत. हे मरण फुटून सांडून होणारे नव्हते. पेशी स्वतःच आपला गाशा गुंडाळते, केंद्रकातील द्रव्य ठरावीक अंतरावर कापते, आणि आपले अवशेष लहान पिशव्यांत बांधून शेजाऱ्यांच्या हवाली करते. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी अ‍ॅपॉप्टोसिस या नावाने ज्याचे वर्णन केले ते हे नियोजित मरण होय. डीएनए वेगळा करून अगरोजच्या पातळ थरातून विद्युत्प्रवाहाने ओढला म्हणजे सुमारे १८० बेस-जोड्यांच्या पटीतील तुकडे शिडीच्या पायऱ्यांसारखे एकाखाली एक उमटत. ती शिडी पहिल्यांदा स्वच्छ उमटली त्या दिवशी विभागात पेढे वाटले गेले. कर्कपेशीचा मूळ दोषच हा की मरावयाचे तेव्हा ती मरत नाही. तिला तिची विसरलेली रीत आठवून देणारा पदार्थ सापडला, अशी आमची त्या काळी भावना होती.

मोजणी मात्र जिकिरीची होती. जिवंत पेशी ओळखण्यासाठी एमटीटी नावाचे पिवळे रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करते, आणि जांभळ्या रंगाच्या गडदपणावरून जिवंतांची संख्या ठरते. आता ज्या बशीत आधीच पिवळा पदार्थ आहे, तोही असा की पेशीच्या मदतीवाचून स्वतःच एमटीटीचे रूपांतर करू शकतो, त्या बशीतील आकडा किती विश्वसनीय? आमच्या विभागप्रमुख बाईंनी म्हणूनच दंडक घातला होता की यंत्राचा आकडा काहीही म्हणो, निळा रंग घालून, मोजणीच्या काचेवर, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक मात्रेच्या पेशी हाताने मोजल्याच पाहिजेत. मान अवघडून जाई. यंत्र आणि डोळा यांची साक्ष जुळली नाही तर डोळ्याची साक्ष ग्राह्य धरावी, हा त्यांचा शिरस्ता होता, आणि यंत्रांचा आदर करणाऱ्या माझ्यासारख्यासही तो पुढे पटला.

या सर्व कामात मला सर्वाधिक विचारात पाडणारी गोष्ट ऑक्सिडीकरणाची. करक्युमिनची कीर्ती अँटिऑक्सिडंट म्हणून. शरीरात श्वसनातून, धुरातून, दाहातून उत्पन्न होणारे ऑक्सिजनचे उच्छृंखल रेणू ते शांत करते, त्यामुळे डीएनएची हानी टळते, त्यामुळे कर्करोग टळतो, अशी ही सरळ सोपी साखळी. नळीत केवळ रसायने घेऊन पाहिले तर ते खरेही आहे. परंतु कर्कपेशींच्या बशीत, ज्या मात्रेला त्या मरतात त्या मात्रेला, आतील ऑक्सिजनचे हे रेणू घटण्याऐवजी वाढलेले आढळतात. आणि करक्युमिनच्या आधी एन-अ‍ॅसिटिल सिस्टीन हे दुसरे अँटिऑक्सिडंट घातले तर पुष्कळ पेशी वाचतात. म्हणजे ज्यास आपण अग्निशामक म्हणून आत धाडले त्यानेच आग लावली, आणि पेशी मेल्या त्या त्या आगीने. हे फल काही आमच्याच प्रयोगशाळेचे नव्हे; अनेक ठिकाणांहून ते प्रसिद्ध झाले आहे. मात्रा, तांब्यालोहासारख्या धातूंचे सान्निध्य, पेशीच्या आतील ग्लुटाथायोनचा साठा, यांवरून एकच रेणू कधी रक्षक आणि कधी भक्षक होतो. तेव्हा ऑक्सिडीकरण म्हणजे शत्रू व त्यास रोधणारा तो मित्र, ही जी विभागणी औषधांच्या दुकानांतील बाटल्यांवर छापलेली असते, ती पेशींना मान्य नाही.

माणसांनाही ती मान्य नाही, असे फिनलंडातील एका अभ्यासाने त्याच सुमारास दाखविले. २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील त्या दीर्घ चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटिन हे गाजरातील अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या रूपाने घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटेल या अपेक्षेऐवजी तो शेकडा १८ ने अधिक आढळला. आमच्या वाचनवर्गात तो निबंध वाचला गेला तेव्हा प्रथम सर्वांनी चाचणीतील दोष शोधण्याचा प्रयत्न केला. मनुष्यस्वभाव असा आहे.

पण हळदीच्या भाग्याचा सूर्य नेमका तेव्हाच उगवत होता. १९९५ साली अमेरिकेतून निबंध आला की, दाह आणि पेशींची वाढ यांचे नियमन करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनसंकुलाचे कार्य करक्युमिन रोखते. त्यानंतर जगभरातून करक्युमिनवरील निबंधांचा जो पूर लोटला तो पुढे हजारांच्या घरात गेला. त्याच वर्षी अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिळाले, आणि डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ व १९५३ सालचा भारतीय वैद्यक संघाच्या नियतकालिकातील लेख पुराव्यादाखल सादर करून १९९७ साली ते रद्द करविले. तो विजय न्याय्य होता आणि आम्हां सर्वांस त्याचा अभिमान वाटला. त्याचा एक परिणाम मात्र कोणाच्या मनी नव्हता. पेटंट रद्द झाले याचा अर्थ, हळदीच्या औषधी गुणांवर अमेरिकेनेच शिक्कामोर्तब केले, असा अनेकांनी घेतला. आणि जखमेवरील हळदीची बातमी व कर्करोगावरील हळदीची बातमी वर्तमानपत्रांच्या एकाच पानावर इतकी शेजारी शेजारी येऊ लागली की वाचणाऱ्यास त्यांत भेद उरला नाही.

परळला राहणाऱ्यास रुग्णांचे नातेवाईक चुकत नाहीत. पदपथावर, चहाच्या टपरीवर, धर्मशाळेच्या पायरीवर ते असतात, आणि गळ्यातील ओळखपत्र पाहून माझ्यासारख्या साहाय्यकासही डॉक्टर समजतात. असेच एक सांगलीकडील गृहस्थ एकदा टपरीवर भेटले. त्यांच्या थोरल्या भावाच्या पोटात गाठ होती. स्वतः ते हळदीचे अडते. हरिपूरला कृष्णेकाठी जमिनीत खणलेल्या पेवांतून हळद वर्षानुवर्षे कशी टिकते, पेव उघडल्यावर लगेच आत उतरणाऱ्याचा जीव कसा जातो, शेतकरी काहिलीत शिजवून वाळविलेला माल बाजारात आणतो तेव्हा हळकुंड मोडून आतला रंग कसा पारखतात, हे त्यांनी मला भाव सांगण्याच्याच सहजतेने सांगितले. मग मुद्द्यावर आले.

“साहेब, आमच्या घरात हळदीला तोटा नाही. अण्णांना दिवसाला किती द्यायची तेवढं सांगा.”

मी डॉक्टर नव्हे, पेशी वाढविणारा नोकर आहे, असे मी म्हणालो, तर ते म्हणाले, “तेच तर. तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. मरतात का नाही?”

“मरतात,” मी म्हणालो, “पण बशीत.”

आणि मग कागदाच्या पुडीवर मी त्यांना जो हिशेब करून दाखविला तो असा. बशीत आम्ही २० ते ५० मायक्रोमोलर करक्युमिन पेशींच्या अंगावर थेट ओततो. माणसाने गिळलेले करक्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडे जाते, जे जाते त्याचे यकृत व आतडे तात्काळ दुसऱ्या रूपांत परिवर्तन करतात, आणि बाकीचे शौचावाटे बाहेर पडते. मैसूरच्या मध्यवर्ती अन्नतंत्र संशोधन संस्थेतील संशोधकांनी हे प्राण्यांवरील प्रयोगांतून १९८० च्या सुमारास दाखविले होते. तैवानातील एका अभ्यासात, जो २००१ साली छापून आला आणि ज्याचे आकडे मला तेव्हा नुकतेच कळले होते, रोज ८ ग्रॅम शुद्ध करक्युमिन घेणाऱ्यांच्या रक्तातही ते अधिकात अधिक १.७७ मायक्रोमोलर एवढेच आढळले, तेही थोड्या तासांपुरते. आणि ८ ग्रॅम करक्युमिन म्हणजे हळद किती? शेकडा ३ चा माल धरला तर रोज पाव किलोहून अधिक.

ते गृहस्थ आकड्यांचे पक्के होते. पुडी त्यांनी उलटसुलट करून पाहिली. “म्हणजे माल गाडीत भरला, पण पेढीवर उतरलाच नाही,” ते म्हणाले. करक्युमिनच्या जैवउपलब्धतेविषयी मी नंतर मोठमोठ्या परिषदांतून व्याख्याने ऐकली. कोणी हे इतक्या थोडक्यात सांगितलेले मला स्मरत नाही. भाऊ बरे झाले की नाही हे मला पुढे समजले नाही.

माल पेढीवर उतरविण्याचे प्रयत्न मग पुष्कळ झाले. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ साली दाखविले की करक्युमिनबरोबर काळ्या मिऱ्यातील पायपरिन २० मिलिग्रॅम दिले असता माणसाच्या रक्तातील त्याचे प्रमाण वीस पटींनी वाढते. आजीच्या काढ्यात हळदीसोबत मिरी असते याची आठवण लगेच सर्वांस झाली, आणि मिरीमिश्रित कॅप्सूल निघाल्या. परंतु मिरी हे कसे करते? परक्या रेणूंचा निचरा करणारी यकृतातील आणि आतड्यातील यंत्रणा ती मंदावते. आणि ती यंत्रणा काही केवळ करक्युमिनसाठी नसते, कर्करोगाची कित्येक औषधेही तिच्याच हवाली असतात. म्हणून रसायनोपचार चालू असता अशी कॅप्सूल घेणाऱ्याच्या रक्तात दुसऱ्या औषधाचे प्रमाण किती चढेल, याचा अंदाज कोणास सांगता येत नाही. उलट बाजूही आहे. २००२ साली अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगावरील एका प्रयोगात असे दिसले की आहारातील करक्युमिनमुळे सायक्लोफॉस्फामाइडने गाठ जेवढी आटावयास हवी तेवढी आटली नाही. कारण ते औषध ज्या ऑक्सिजन-रेणूंच्या द्वारे कर्कपेशी मारते त्यांसच करक्युमिनने शांत केले. रक्षकाने येथे रक्षण केले ते शत्रूचे.

निवृत्त झाल्यावरही मी नियतकालिके चाळतो. अमेरिकेतील ज्या संशोधकाने करक्युमिनवर उदंड लिहिले त्याचे डझनाहून अधिक निबंध, त्यांतील चित्रांविषयी शंका निघाल्यामुळे, मागे घेण्यात आले. त्यांतील काही आम्ही वाचनवर्गात आदराने वाचले होते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्रातील एका प्रतिष्ठित नियतकालिकात करक्युमिनचा सविस्तर झाडा घेणारा लेख आला. त्याचा आशय असा की, हा रेणू स्वतः प्रकाशतो, दिसेल त्या प्रथिनास चिकटतो, द्रवात मोडतो, आणि म्हणून जवळजवळ कोणत्याही चाचणीत काहीतरी परिणाम दाखवितो. माणसांवर मात्र एकही काटेकोर चाचणी यशस्वी झालेली नाही. आमच्या बाईंनी पेशी हाताने मोजावयास का लावल्या याचे समर्थन मला त्या लेखात ओळीओळीत दिसले. तरीही त्यातील शेवटचा निवाडा मला थोडा घाईचा वाटतो. तो वाचताना माझ्यापुढे येते ती भारतातच झालेली चाचणी, जी आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती: तोंडातील पांढरे चट्टे, ज्यांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो, ते असलेल्या २२३ जणांस सहा महिने रोज ३.६ ग्रॅम करक्युमिन किंवा तशाच दिसणाऱ्या निरुपद्रवी गोळ्या दिल्या गेल्या. करक्युमिन घेणाऱ्यांपैकी शेकडा ६७.५ जणांचे चट्टे घटले आणि दुसऱ्या गटातील शेकडा ५५.३ जणांचे. फरक आहे, पण बेताचा. आणि नुसत्या पोकळ गोळ्यांनी निम्म्याहून अधिक सुधारतात हेही डोळ्यांआड करण्याजोगे नाही. बशीत ज्याने सरसकट पेशी मारल्या त्याने माणसांत साधलेली मजल एवढीच, आणि तीही कर्करोगाच्या आधीच्या पायरीवर. माझ्या बुद्धीस एवढे पटते की या द्रव्याचा शोध पुढे चालवावयाचा असेल तर तो रक्तापर्यंत न जाता जेथे ते थेट पोहोचते अशा तोंडात व आतड्यात चालवावा. आणि तोंडाच्या बाबतीत तंबाखूची पुडी आधी सुटली पाहिजे, जे खानोलकरांच्या काळापासून ठाऊक आहे.

गेल्या वर्षी माझ्या पुतणीने फोन केला. तिच्या सासूबाईंना रसायनोपचार सुरू होते, आणि शेजारच्या कोणी हळदीच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली होती. “काका, तुम्ही तर आयुष्यभर हेच केलंत. देऊ का?” मी तिला बाटलीवरचा सर्व मजकूर वाचून दाखविण्यास सांगितले. शेकडा ९५ करक्युमिन, सोबत काळ्या मिऱ्याचा अर्क. ती बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि कोणत्या तारखेपासून किती दिल्या तेही सांग, असे मी म्हणालो. पहिल्या आठवड्यातच रोज दोन दिल्या गेल्या होत्या हे तेव्हा बाहेर आले. विचारीपर्यंत डॉक्टरांस कोणी ते सांगितले नव्हते, कारण हळद हे सांगण्याजोगे औषध आहे असे घरात कोणास वाटले नव्हते. डॉक्टरांनी केसपेपरवर नोंद केली, यकृताची रक्ततपासणी लिहून दिली, उपचारांचे सर्व फेरे संपेपर्यंत कॅप्सूल बंद ठेवण्यास सांगितले, आणि बाटलीवरील मिऱ्याच्या आकड्याखाली पेनाने रेघ ओढून ती परत दिली. वरणात हळद घालावी की नाही हे पुतणीने त्यांस विचारले नाही; ते तिने मला विचारले, आणि मी घाल म्हणालो.